पालकाची सही

जूनमध्ये सही केली तेव्हा
कागद मोटरसायकलच्या सीटवर होता
आणि अकरा नियमांतला एकही मी वाचला नव्हता.
पेन झेरॉक्सवाल्याचं, घाई माझी.
पाळी सुरू व्हायला सात मिनिटं.

आता ऑगस्ट. डायरीत लाल शाई:
"नागेश वर्गात ओरडून बोलतो.
घरी समज द्यावी."

मी दिली.
अशी दिली की खालच्या घरातला चिप्पा
हात न धुताच जिना चढून आला.
म्हटलं, काही नाही, पोरगं शाळेत ओरडतंय.
तेही ओरडूनच सांगितलं,
कारण भिंतीपलीकडं शेठचे चार माग,
आणि बोलायचं म्हणजे मागाच्या वर बोलायचं,
हे भद्रावती पेठेत
पोर पाळण्यातच शिकतं.

शनिवारी सकाळच्या शाळेत हत्तुरे बाईंनी बोलावलं.
बाकाखाली गुडघे मावेनात.
"कुठं असता कामाला?"
"टॉवेलच्या कारखान्यात," मी म्हणालो
आणि शेजारच्या वर्गातला पाढा
सतरा सक्क्यावर थांबला.
बाई हसल्या नाहीत.
उठून खिडकी तेवढी लावून घेतली.
"घरात हळू कोण बोलतं?"

अनसूया, म्हणणार होतो.
सुपात पानं घेऊन बसते, ओठातल्या ओठात विड्या मोजते,
मोजणी चुकेल म्हणून तिच्याशी कुणी बोलत नाही.
त्यालाच मी आजवर
घरातली शांतता समजत होतो.

बाईंनी नियमांचा कागद माझ्यापुढं सरकवला,
खाली माझीच सही.
नववा: समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यावं.
"हे मुलांसाठी आहे," त्या म्हणाल्या,
आणि पुढं काहीच बोलल्या नाहीत.

अशोक चौकापर्यंत गाडी ढकलतच आलो.
पेट्रोल होतं.
डोक्यात एकच: आमच्या शेडमध्ये चाळीस माग,
तिथं कुणी ओरडत नाही.
ओरडून पोचतच नाही काही.
मूठ ओठाला लावली की चहा.
दोन बोटं कात्रीसारखी हलवली
की सूत तुटलं, माग थांबव.
तळवा दाखवला की बास.
जिथं खरोखर आवाज आहे तिथं आम्ही हातानं बोलतो.
ओरडतो ते घरी येऊन.

त्या रात्री पोराला खुणा शिकवल्या.
म्हटलं, माझा आवाज चढला की तळवा दाखवायचा.
जेवण होईपर्यंत त्यानं दोनदा दाखवला.
अनसूयाची मोजणी चुकली, हसण्यानं.
तिसऱ्यांदा दाखवला तेव्हा माझा हात उठला.
त्याला वाटलं, मीपण खूणच करतोय.
त्यानं मान डोलावली.
मग ती खूणच झाली.

रोज जमतं असं नाही.
पगाराच्या आदल्या दिवशी तर नाहीच.
पण परवा वीज गेली,
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
आणि मेणबत्तीपाशी तो धडा वाचत होता
तो मला ऐकूच येईना.
वीस वर्षांत कान गेलेत थोडे, ते तेव्हा कळलं.
सरकून जवळ बसलो.
"परत वाच."
त्यानं पहिल्या ओळीपासून वाचलं,
मला मध्ये तीनदा विचारायचं होतं,
नववा नियम आठवला.

आज डायरी आली. लाल शाईच, पण प्रश्न आहे:
"आवाज कमी झालाय. मात्र गणिताच्या तासाला
हा मध्येच दोन बोटं हलवतो. कशासाठी?"

सहीच्या जागी सही केली, यावेळी वाचून.
मग खालच्या रिकाम्या ओळीत,
सातवीनंतर पहिल्यांदाच सहीहून मोठं काही,
शब्द जुळवत जुळवत लिहिलं:

बाई, सूत तुटलंय असं म्हणतोय तो.
जरा थांबा.
सांधून द्या, मग पुढं चला.